टर्बो बदलण्याआधी: ऑइल, हवा आणि तपासणीचा क्रम

गाडी घाटात उचलत नाही, मागून काळा धूर येतो, बॉनेटखालून शिट्टी ऐकू येते. गाडीमालक गॅरेजात येतो तो निदान ठरवूनच: "टर्बो गेलाय, नवीन टाकून द्या." बऱ्याचदा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, ठणठणीत असतो आणि खरा दोष फाटलेल्या होज पाइपमध्ये, व्हॅक्यूमच्या बारक्या नळीत किंवा चोक झालेल्या फिल्टरमध्ये निघतो. ज्या गाडीचा टर्बो खरोखर गेलेला असतो, तिथेही तो कशामुळे गेला हे न शोधता नवा चढवला जातो. मग तोही जातो.

मागच्या पावसाळ्यात १.३ लिटर डिझेल इंजिनची एक हॅचबॅक आमच्याकडे आली. दीड वर्षात दोन टर्बो बदलून झाले होते आणि तिसरा ऑइल ओकायला लागला होता. इंजिनातून टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी खोलली, तिच्यात तार घातली, तर ती मध्येच अडकली. आत कार्बन साचून नळी निम्म्याहून अरुंद झाली होती. दोन्ही वेळा टर्बो नवा आला, नळी मात्र जुनीच राहिली.

पुढचा क्रम पटायचा असेल तर एवढं ध्यानात घ्या. लहान गाडीच्या टर्बोचा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. बहुतेक गाड्यांत तो बॉल बेअरिंगवर नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्याच्या एका टोकाला इंजिनातून निघालेला जळका वायू असतो: डिझेलमध्ये ८०० अंश सेल्सिअसच्या घरात, पेट्रोलमध्ये ९५० च्याही पुढे. दुसऱ्या टोकाला फिल्टरमधून आलेली बाहेरची हवा. ऑइल क्षणभर कमी पडलं किंवा वाळूचा एक कण आत गेला तरी एवढ्या वेगात तो शाफ्ट आणि ती पाती सहन करत नाहीत.

१. गाडीत काय आहे ते आधी लिहून काढा

मॅन्युअल उघडा, एक वही घ्या. टर्बो साधा वेस्टगेटचा (जास्तीचा वायू बाजूने सोडणाऱ्या झडपेचा) आहे की आतल्या पात्यांचा कोन बदलणारा व्हीजीटी आहे, हे पहिलं लिहा. गाडीच्या नावावरून अंदाज बांधू नका. वर सांगितलेलं १.३ डिझेल इंजिनच ७५ पीएसच्या गाड्यांत साध्या टर्बोसह आलं आणि ९० पीएसच्या गाड्यांत व्हीजीटीसह. दोन्हींची तपासणी वेगळी असते.

मग टर्बोचा दाब कमी-जास्त करणारी दांडी हलवणारा अ‍ॅक्च्युएटर कशावर चालतो ते पाहा: व्हॅक्यूमवर, हवेच्या दाबावर की इलेक्ट्रिक मोटरवर. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे का, हेही लिहा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं, त्यानंतरच्या जवळपास सगळ्या डिझेल कारमध्ये तो असतो. टर्बोला कूलंटचा पाइप जातो का? ऑइलचं स्पेसिफिकेशन काय? शेवटचं ऑइल किती किलोमीटरला बदललं? जुनी गाडी घेतली असेल आणि याचं उत्तर मिळत नसेल, तर ऑइल बदललेलंच नाही असं धरून चाला.

२. ऑइल: टर्बोचं आयुष्य इथेच ठरतं

ऑइल घेताना लोक फक्त '५डब्ल्यू-३०' एवढंच बघतात. त्यातून ऑइल किती पातळ किंवा घट्ट आहे तेवढंच कळतं. डब्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं स्पेसिफिकेशन महत्त्वाचं आहे. डीपीएफ असलेल्या डिझेलला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, उदाहरणार्थ एसीईए सी२ किंवा सी३. तुमच्या गाडीला यातलं कुठलं, ते मॅन्युअल सांगेल. दुसरं ऑइल टाकलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साचत जाते, आणि ती जाळून निघत नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांना एपीआय एसपी दर्जाचं ऑइल बरं. कमी आरपीएमला जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा जो धोका अशा इंजिनांत असतो, तो कमी करणं त्या दर्जात धरलेलं आहे.

किती किलोमीटरला बदलायचं? मॅन्युअलमधला आकडा ही वरची मर्यादा आहे, आणि ती चांगल्या परिस्थितीतली. रोज पाच-सात किलोमीटरचं शहरातलं रनिंग, सिग्नलवर तासन् तास आयडल, उसाच्या हंगामातली धूळ, खडी क्रशरजवळचा रस्ता, यांतलं काहीही तुमच्या वाट्याला असेल तर मी १०,००० लिहिलेलं असताना ७,००० ते ७,५०० ला बदलतो. गाडी फिरली नाही तरी वर्षातून एकदा बदलायचंच.

बदलण्याचा क्रम असा:

१) गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. ऑइल कोमट हवं, उकळतं नको.

२) सपाट जागी चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन बोल्ट काढा आणि किमान १५ मिनिटं निथळू द्या. धार थांबली म्हणून लगेच बोल्ट लावला तर जुना गाळ आतच राहतो. बोल्टचा वॉशर नवा टाका.

३) फिल्टर बदला. कागदी कार्ट्रिजचा फिल्टर असेल तर ओ-रिंग तिच्या खाचेत नीट बसली का ते बोटाने फिरवून पाहा. चुकीच्या खाचेत बसलेल्या ओ-रिंगने ऑइलचा दाब कमी होतो आणि पहिला मार टर्बोला लागतो.

४) सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी ऑइल भरा.

५) स्टार्ट करा आणि रेस अजिबात देऊ नका. नवा फिल्टर रिकामा असतो. तो भरून ऑइल टर्बोपर्यंत पोचायला काही सेकंद जातात. ऑइलचा दिवा विझल्यावरही मिनिटभर आयडलवरच ठेवा.

६) बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पाहून उरलेलं भरा.

७) डॅशबोर्डवरचा किंवा स्कॅनरमधला ऑइल काउंटर रीसेट करा. काही गाड्यांत हा काउंटर रीसेट न केल्यास ऑइल बदलण्याची आठवण देणारा दिवा पुढे चुकीच्या वेळी लागतो.

सावधान: जुन्या गाडीत ऑइल बदलण्याआधी 'इंजिन फ्लश' टाकायचा आग्रह होतो. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीत आणि टर्बोच्या नळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा चांगलं ऑइल टाकून पुढचे दोन बदल लवकर करा, तीन-तीन हजारांवर. गाळ हळूहळू निघेल.

तपासा: दर १,००० किलोमीटरला डिपस्टिक. ऑइल कमी झालं का हे सगळेच बघतात, वाढलं का हे कोणी बघत नाही. डीपीएफवाल्या डिझेलमध्ये रीजनरेशन (साचलेली काजळी जाळून टाकणं) अर्धवट राहत गेलं तर न जळलेलं डिझेल चेंबरमध्ये उतरतं आणि पातळी वर चढते. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल तर ती गाडी लांब नेऊ नका, आधी ऑइल बदला. पातळ झालेल्या ऑइलवर शाफ्ट तरंगत नाही.

३. हवेची वाट: फिल्टरपासून इंजिनापर्यंत

एअर फिल्टर कंप्रेसरच्या हवेने उडवून पुन्हा बसवण्याची सवय सोडा. जोराच्या हवेने कागदाला सूक्ष्म छिद्रं पडतात, ती उजेडात धरूनही दिसत नाहीत. हलक्या हाताने झटका, आणि काळपट झाला की बदला. बसवताना रबरी कडा चौफेर बसली पाहिजे, झाकणाच्या सगळ्या क्लिपा लागल्या पाहिजेत. एक क्लिप तुटली म्हणून तशीच सोडलेली गाडी मी पाहिली आहे: टर्बोच्या आतल्या पात्यांच्या कडा ब्लेडने खरवडल्यासारख्या झिजल्या होत्या.

फिल्टरच्या पुढचा प्रवास असा: टर्बो, तिथून होज, इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी), दुसरा होज, मग इंजिन. इंटरकूलर पुढच्या बंपरमागे असतो तिथे चिखल, पानं, किडे साचतात. पावसाळा संपला की हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर त्याच्या पट्ट्या वाकतात.

गाडी गावाकडे किंवा झाडाखाली उभी राहत असेल तर उंदरांकडे लक्ष द्या. व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या त्यांना फार आवडतात. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्च मारणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

सावधान: साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर पुन्हा चावी मारू नका. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा. फिल्टर ओला असेल तर टोइंग करूनच न्या. हवेच्या जागी पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतात.

४. रोजचं चालवणं

सकाळी स्टार्ट केल्यावर पाच मिनिटं उभी ठेवून गरम करायची गरज नाही. अर्धा मिनिट पुरे. मग निघा, पण पहिली तीन-चार किलोमीटर २,००० ते २,५०० आरपीएमच्या आत ठेवा. स्टार्ट होताच अ‍ॅक्सिलरेटर दाबून 'मोकळी' करायची जुनी पद्धत टर्बोला घातक आहे. थंड ऑइल जाड असतं आणि शाफ्टपर्यंत उशिरा पोचतं.

घाटात उलटी चूक होते. आरपीएम कमी ठेवला तर इंजिनाला कष्ट कमी, या समजुतीने लोक चढावर चौथ्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर पाय दाबून धरतात. त्या वेगाला टर्बोला पुरेसा वायूच मिळत नाही. इंजिन घुसमटतं, डिझेल काळा धूर सोडतं आणि व्हीजीटीच्या पात्यांवर काजळी बसते. छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये तर याच स्थितीत वर सांगितलेला अवेळी पेटण्याचा धोका सर्वांत जास्त. आंबोली असो वा वरंधा, गिअर डाउन करा आणि २,००० च्या वर ठेवून चढा. टर्बो डिझेलला आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळा रस्ता हवा. इंजिन पूर्ण गरम असताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २,५००च्या आसपास चालवली की पाती मोकळी राहतात आणि डीपीएफचं रीजनरेशनही पुरं होतं.

आता थांबणं. मुंबईहून निघालेली गाडी भरून असते, बोरघाट एका दमात चढते आणि वर येताच लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर थांबते. चावी लगेच बंद. टर्बोचं जळक्या वायूकडचं टोक तापून लाल झालेलं असतं, ऑइलचा पंप थांबलेला असतो आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल तिथेच करपतं. तोच कार्बन पुढे नळी अरुंद करतो. घाटानंतर किंवा लांबच्या वेगवान रनिंगनंतर एक ते दोन मिनिटं आयडलवर ठेवा. शहरातून हळू येऊन पार्किंगमध्ये लावताना याची गरज नाही, शेवटचा किलोमीटर संथ आला एवढं पुरेसं असतं. स्टार्ट-स्टॉप सुविधा असलेल्या गाडीत घाटाच्या आधी ती बंद करा.

गाडी बंद केल्यावरही पंखा किंवा छोटा पंप गुणगुणत असेल तर घाबरू नका, काही पेट्रोल गाड्यांत टर्बो थंड करायला कूलंट फिरत राहतं. म्हणूनच अशा गाडीत कूलंटच्या जागी साधं पाणी भरू नये.

५. पिकअप गेला: पाने उचलण्याआधीची तपासणी

याच टप्प्यावर सर्वांत जास्त पैसे वाया जातात, त्यामुळे सावकाश जा. स्वस्त आणि सोपं आधी, महाग आणि अवघड शेवटी.

५.१ लक्षण नीट विचारा. पिकअप एका दिवसात गेला की महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू? एका दिवसात गेला असेल तर होज सुटला, नळी तुटली, सेन्सर गेला किंवा गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे दोष दिसल्याने तिने स्वतःच ताकद कमी केली. हळूहळू गेला असेल तर फिल्टर, काजळी, डीपीएफ. चढावर आरपीएम वाढतो आणि स्पीड वाढत नाही, असं असेल तर ती क्लच प्लेट आहे. क्लच घसरत असताना टर्बो बदललेल्या गाड्या माझ्याकडे आलेल्या आहेत.

५.२ धुराचा रंग. काळा म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी: होज लीक, फिल्टर, ईजीआर (जळका वायू थोडा परत इंजिनात सोडणारी झडप). निळसर म्हणजे ऑइल जळतंय. ते टर्बोतून येतंय, पिस्टनच्या रिंगांतून की ब्रीदरमधून (चेंबरमधली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून), हे अजून ठरलेलं नाही. पांढरा, दाट आणि काही केल्या न थांबणारा असेल तर कूलंटची पातळी आणि इंजेक्टर बघा.

५.३ स्कॅनर, कोड पुसण्याआधी. बॅटरीची टर्मिनल काढू नका. आधी कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे क्रमांक) वहीत लिहा, कोड आला त्या वेळचा आरपीएम आणि स्पीड सेव्ह असेल तर तोही लिहा. पी०२९९ हा कोड सर्वांत जास्त फसवतो. त्याचा अर्थ 'टर्बो खराब' असा नाही. जेवढा दाब हवा होता तेवढा मिळाला नाही, इतकंच तो सांगतो. पी०२३४ म्हणजे दाब जास्त झाला. व्हीजीटीत हा बहुधा काजळीने अडकलेल्या पात्यांमुळे येतो.

५.४ चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनरवर मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा पाहा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा हवा. मुंबईत किंवा रत्नागिरीत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या जवळ. पुण्यात उभ्या गाडीत हा आकडा ११५ किंवा ७५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलते आहे. पुढची सगळी तपासणी त्याच्यावर अवलंबून असल्याने हे दोन मिनिटांचं काम टाळू नका.

५.५ हवेचं लीकेज. होज आयडलवर कधीच लीक दाखवत नाही, कारण तेव्हा आत दाबच नसतो. फट दाब आल्यावर उघडते आणि पाय काढला की मिटते. म्हणून गाडी थंड असताना प्रत्येक होज हाताने पिळून, वाकवून, खालच्या बाजूने आरसा धरून बघा. ज्या जागी ऑइल मिसळलेल्या धुळीचा ताजा ओला डाग आहे, तिथे बहुधा फट असते. मग हवेची वाट पुढे बंद करून गॅरेजच्या कंप्रेसरने अर्धा ते एक बार एवढाच दाब द्या आणि साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की जागा सापडली. चालत्या गाडीत जोर दिल्यावर 'फुस्स' असा आवाज आणि काळा धूर एकदमच आले, तर नव्वद टक्के काम इथेच संपतं.

होज फाटला असेल तर बदला. टेप गुंडाळून चालत नाही. आत गरम हवा आणि ऑइलची वाफ असते, टेप दुसऱ्या दिवशी सुटते. क्लॅम्पही नवा घ्या.

५.६ अ‍ॅक्च्युएटर. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत एक माणूस स्टार्ट करेल, दुसरा टर्बोच्या बाजूची दांडी बघेल. बहुतेक गाड्यांत स्टार्ट होताच दांडी ओढली जाते आणि बंद केल्यावर सावकाश परत येते. हललीच नाही तर अ‍ॅक्च्युएटरची नळी काढून बोटावर धरा. ओढ जाणवत नसेल तर दोष मागे आहे: तुटलेली नळी, सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा व्हॅक्यूम पंप. ओढ असूनही दांडी हलत नसेल तर हातपंपाने व्हॅक्यूम देऊन पाहा. तो धरून राहिला नाही तर डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलाय. धरून राहिला पण दांडी अडली तर आतली पाती काजळीने जाम आहेत.

साध्या वेस्टगेटच्या टर्बोत, जिथे अ‍ॅक्च्युएटर हवेच्या दाबावर चालतो, आयडलवर दांडी हलत नाही. ते बघून टर्बो नादुरुस्त ठरवू नका.

सावधान: दांडीवरचा नट किंवा व्हीजीटीचा स्टॉप स्क्रू फिरवून 'पिकअप वाढवून देणारे' भेटतात. ती सेटिंग कारखान्यात मोजून केलेली असते. एकदा हलली की अंदाजाने परत आणता येत नाही.

५.७ उरलेलं. डिझेल फिल्टर, ईजीआर उघडाच राहिलाय का, स्कॅनरवर डीपीएफचा पुढचा-मागचा दाबफरक. पेट्रोलमध्ये स्पार्क प्लग: गॅप वाढलेला प्लग साध्या चालीत तक्रार करत नाही, टर्बोचा दाब आला की मिसफायर करतो. आणि फिल्टरपर्यंत येणारी हवेची तोटी मोकळी आहे का. एकदा तिच्यात प्लॅस्टिकची पिशवी निघाली होती.

तपासा: वरचं काही सुधारलं असेल तर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० पासून ३,५०० पर्यंत न्या आणि शेजारी बसलेल्याला स्कॅनरवर मागितलेला व मिळालेला दाब बघू द्या. दोन्ही आकडे सोबत चढत असतील तर टर्बोला हात लावायचं कारण उरत नाही.

६. टर्बो हाताने तपासणं

इंजिन पूर्ण थंड हवं. हवेच्या बाजूचा होज काढा आणि टॉर्चने पाती पाहा. कडा चिरलेल्या, वाकलेल्या असतील तर बाहेरची वस्तू आत गेली आहे. शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून फिरवा. कुठेही घासायला नको. मग वर-खाली हलवा. इथे थोडा खेळ जाणवणारच, कारण ऑइलचा थर आत्ता नाही. हा खेळ बघून कितीतरी चांगले टर्बो भंगारात गेले आहेत. हलवताना पातं घराच्या भिंतीला टेकतं का, हा खरा प्रश्न. शेवटी शाफ्ट आत-बाहेर ढकला. या दिशेला बोटाला खेळ जाणवता कामा नये. जाणवला तर टर्बो गेला.

होजमध्ये ऑइलचा ओलसर थर दिसणं नेहमीचं आहे, ब्रीदरची वाफ तिथूनच जाते. थारोळं साचलं असेल तर काळजीचं. पण तेव्हाही आधी ब्रीदर आणि टर्बोची परतीची ऑइल नळी बघा. टर्बोतलं ऑइल पंपाने परत जात नाही, उताराने चेंबरमध्ये पडतं. ब्रीदर चोक होऊन चेंबरमध्ये दाब वाढला किंवा परतीची नळी दबली, तर चांगला टर्बोही ऑइल बाहेर टाकतो. स्टार्ट असताना ऑइलचं झाकण सैल करून पाहा: ते जोराने उडू पाहत असेल तर दोष इंजिनाचा आहे, आणि नवा टर्बो तो दुरुस्त करणार नाही.

सावधान: डिझेल गाडी टर्बोतून भरपूर ऑइल टाकत असेल तर ती चालवत गॅरेजपर्यंत आणू नका. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल इंजिनाने ओढलं तर इंजिन त्याच्यावरच पळायला लागतं, आरपीएम वाढत जातो आणि चावी काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक घट्ट दाबून धरा आणि क्लच सोडून इंजिन कोंडा. बॉनेट उघडून पळत्या इंजिनाच्या हवेच्या तोंडावर हात धरू नका.

७. टर्बो बदलायचाच ठरला तर

नवा टर्बो आणण्याआधी जुना का गेला, याचं उत्तर लिहून काढा. शाफ्ट निळा-काळा पडलाय म्हणजे ऑइल पोचलं नाही. बेअरिंगवर ओरखडे म्हणजे ऑइलमध्ये घाण होती. पाती तुटलेली म्हणजे हवेच्या वाटेत काहीतरी होतं, आणि त्या पात्याचे तुकडे अजून पुढे कुठेतरी आहेत. उत्तर सापडेपर्यंत नवा बसवू नका. सुरुवातीच्या काळात ही चूक माझ्याही हातून झाली आहे. घाईत जुनीच नळी लावली, गाडी आठवड्यात परत आली आणि दुसऱ्या टर्बोचा खर्च मी सोसला.

क्रम:

१) इंटरकूलर आणि सगळे होज काढून आतून धुवा, निथळवा, वाळवा. तुटलेल्या पात्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये गेले असतील तर तो बदललेला बरा.

२) ऑइलची जाणारी नळी नवीच घाला. काही गाड्यांत तिच्या पोकळ बोल्टमध्ये बारीक जाळी असते, तीही तपासा. परतीची नळी आरपार मोकळी करा.

३) जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. गाळ जास्त असेल तर चेंबर खोलून पंपाची जाळी धुवा.

४) एअर फिल्टर नवा, डबा आतून पुसलेला.

५) नव्या टर्बोची उघडी तोंडं चिकटपट्टीने बंद ठेवा आणि बसवतानाच काढा. सुटलेला एक वॉशर आत गेला तर सगळी मेहनत वाया जाते.

६) ऑइलच्या जोडांवर गॅस्केटच वापरा. सिलिकॉन लावू नका; दाबून बाहेर आलेला तुकडा सुटतो आणि ऑइलची वाट अडवतो.

७) ऑइल नळी जोडण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या छिद्रात स्वच्छ ऑइल ओता आणि शाफ्ट हाताने फिरवत राहा, परतीच्या तोंडातून ऑइल येईपर्यंत.

८) इंधन तोडा, म्हणजे फ्युएल पंपाचा रिले किंवा इंजेक्टरचे कनेक्टर काढा, आणि दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. मध्ये विश्रांती द्या. ऑइलचा दिवा विझेपर्यंत हे करा.

९) आता इंधन जोडून स्टार्ट करा आणि तीन-चार मिनिटं आयडलवर ठेवा. या काळात कोणालाही रेस देऊ देऊ नका. बघायला जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास पाय ठेवतो, म्हणून मी चावी लावताना ड्रायव्हरच्या सीटवर स्वतः बसतो.

तपासा: प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरा. थेंब दिसला तर बंद करा. सुरुवातीला सायलेन्सरमधून निळसर धूर येईल, जुनं साचलेलं ऑइल जळतंय. वीस-तीस किलोमीटरमध्ये तो विरायला हवा. कोड आत्ता पुसा, आधी नाही.

८. पहिले ५०० किलोमीटर

पहिले १०० किलोमीटर निम्म्या अ‍ॅक्सिलरेटरवर, घाट टाळून. मग गाडी थंड असताना सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. गरम-थंड होऊन नवे होज थोडे बसतात. डिपस्टिक पाहा. ५०० ला परत या: हवेच्या बाजूचा होज काढून पाती कोरडी आहेत का, ऑइल किती उतरलं, मॅपचा मागितलेला आणि मिळालेला दाब जुळतो का, हे तिन्ही वहीत लिहा. ज्या गाडीत आधी गाळ निघाला होता, तिचं ऑइल १,००० ला तरी फिल्टरसकट पुन्हा बदला आणि निघालेला फिल्टर कापून कागदाच्या घड्या उघडून पाहा. चकचकीत कण दिसले तर गाडी रस्त्यावर न सोडता टर्बोची ऑइल नळी पुन्हा खोला.